थोपटायला शिकवणाऱ्या मॅडम

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून मुलीला धायरीचा जिउ-जित्सूचा, म्हणजे कुस्तीसारख्या जपानी खेळाचा, क्लास दाखवायला नेलं. या खेळात हात पिळला गेला, की समोरच्याला थोपटायचं, म्हणजे 'हरलो, सोड'. तो लगेच सोडतो.

ती आत्तापर्यंत जायची त्या बिबवेवाडीच्या क्लासमध्ये ती थोपटायला लागली, की सर म्हणायचे, "एवढ्यात हरलीस?" मग ती न थोपटता सोसायची. सर शिकवतात मनापासून, पण महिनाभर तिचं कोपर दुखतंय.

धायरीच्या मॅडमनी आधी थोपटायलाच शिकवलं. मग तिच्याकडून स्वतःचा हात पिळवून घेतला आणि थोपटलं.

मुलगी हसली, "मॅडम, तुम्ही हरलात."

"हरले की. उद्या परत खेळायचंय ना मला."

गावच्या शाळेत मी छड्या मुकाट्याने सोसल्या, म्हणून तिलाही 'सोस' म्हणत आलो. येताना बिबवेवाडीच्या सरांना भेटलो, नमस्कार केला आणि त्यांच्या क्लासमधून तिचं नाव काढून घेतलं.