मामाचा आखूड अंगठा

दादा, तुझ्याबद्दलच लिहितेय. आता तरी मध्ये बोलू नकोस.

पोलिसांच्या शस्त्रागारात पिस्तुलं दुरुस्त करणारा हा माणूस महा हट्टी. पोलिसात लागलेल्या भाचीची नेमबाजीची परीक्षा तोंडावर आली होती. नापास झाली तर नोकरी जाणार होती. आणि तिच्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक असतानाच मागे अडकून बसायची. मामाने मॅगझिन बदललं, स्प्रिंग बदलली. त्याच्या हातात मात्र ते शहाण्यासारखं चालायचं.

"खोट तुझ्यात आहे," तो म्हणाला.

"मग माझीच स्प्रिंग बदल, मामा."

त्याच्या चष्म्याची काडी मोडली होती, चष्मा बहिणीकडे, म्हणजे माझ्याकडे, दुरुस्तीला दिलेला. म्हणून तो भाचीच्या खांद्याशी वाकून बघत राहिला. गोळी झाडताना तिचा लांबसडक अंगठा स्लाइड अडवणारा खटका वर ढकलत होता. त्याचा स्वतःचा अंगठा लेथ मशीनने अर्धा खाल्लेला, तो तिथवर पोचतच नव्हता.

"अंगठा खाली घे, बये."

भाची पास झाली. चष्मा अजून बहिणीच्या पर्समध्येच आहे. चष्मेवाल्याचं दुकान तर तिच्या रोजच्या वाटेवर आहे.