तेलाचा अंगठा

नव्वदच्या दशकात गोकुळ शिरगावला माझा सर्किट बोर्ड बनवायचा छोटा कारखाना होता. तांब्याचे बोर्ड क्लीनरच्या टाकीत धुवायचे आणि मग त्यांवर कथिल चढवायचं. एकदा कथिल जागोजागी धरेनासं झालं. दोनदा टाकीतलं क्लीनर बदललं, क्लीनरवाल्याला फोनवर नको ते बोललो. ऑर्डर हातची जायची वेळ आली होती.

शेवटी त्या क्लीनरवाल्यानं नवा कॅन देऊन एक माणूस पाठवला. पन्नाशीचा, पूर्वी हुपरीत चांदीला पॉलिश करायचा. त्यानं नुकताच धुतलेला बोर्ड दोन बोटांनी कडेला धरला आणि वर पाणी सोडलं. पाणी सगळीकडे सलग पसरलं, म्हणजे तांब्यावर कुठंच तेलकटपणा नव्हता.

"औषध झकास हाय," एवढं बोलून तो स्टुलावर बसला आणि माझ्याकडेच बघत राहिला.

मी प्रत्येक बोर्ड अंगठा फिरवून तपासत होतो. थोड्या वेळानं त्यानं माझ्या हातातला बोर्ड काढून घेतला आणि पुन्हा पाणी सोडलं. माझा अंगठा फिरला होता तिथंच पाणी फाटलं.

"पावणं, काळजी वाटली की तुमी डोस्क्यावरनं हात फिरवताय. आन् त्योच तेलाचा अंगठा तांब्याला लावताय की!"

म्हणजे बोर्ड बिघडले की माझी काळजी वाढायची, आणि काळजी वाढली की आणखी बोर्ड बिघडायचे. मी इतक्या मोठ्यानं हसलो की कामगार धावत आले.

"ह्यो परत न्हेतो, लागणार न्हाय," म्हणत त्यानं न उघडलेला कॅन स्कूटरवर बांधला. हायसं वाटून माझा हात सवयीनं डोक्याकडे निघाला. मी तो घाईनं खिशात घातला.

"व्हय," स्कूटरला किक मारत तो ओरडला, "तितंच ऱ्हाऊ दे त्यो!"