निरोपाचा हार, स्वागताचा हार

आमच्या गावात नगरपालिकेची निवडणूक लांबली ती लांबलीच. नगरसेवक घरी बसले आणि मुख्याधिकारी साहेबच प्रशासक झाले. अमरावती आणि अकोल्याच्या मधलं आमचं तालुक्याचं गाव. आधी नळ आला नाही की बायका थेट नगरसेवकाच्या अंगणात जायच्या. तो बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन बाहेर यायचा आणि शिव्या खायचा. काम अर्धंमुर्धंच करायचा, पण मतं मागायला पुन्हा आमच्याच दारात यायचं असल्यामुळे त्याला तोंड चुकवता येत नसे. साहेबांच्या अंगणात कोण जाणार? तिथे फाटकावर शिपाई.

साहेब वाईट नव्हते, हेच तर दुखणं. तरुण, हुशार, पैशाला न शिवणारे. मनमोकळं रागावायचीही सोय नव्हती. एसटी स्टँडसमोर फुलवाल्यांमुळे रस्ता अडतो आणि बायपासला बांधलेले टिनाच्या छपराचे ओटे रिकामे पडलेत, हे त्यांच्या लक्षात आलं. एका सहीत फुलवाल्यांची सगळी रांग तिकडे गेली. त्या रांगेत माझी आई बसायची. घरामागच्या तुकड्यात झेंडू आणि शेवंती लावायची, सकाळी तोडायची आणि स्टँडसमोर बसून हार करायची. बसमधून उतरलेला माणूस लग्नाला निघालेला असो की मयतीला, आधी तिच्यासमोर थांबायचा. बायपासला एका हारासाठी कोण जातं? टिनाखाली दुपारपर्यंत फुलं माना टाकायची. उरलेली ती संध्याकाळी गाईपुढे टाकायची आणि त्या दिवशी कोणाशी धड बोलायची नाही.

आईशेजारी एक चाचा बसायचे. ते सेहरे आणि दर्ग्यासाठी फुलांच्या चादरी करत. ते आणि आई साहेबांना भेटायला गेले. मी अकोल्याला शाळेत शिकवते. रजा टाकून मीही गेले. साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "थोडं थांबा, लोकांना सवय होईल. नाही झाली तर मी स्वतः बघतो," म्हणाले.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "मानूस चांगला हाये. शब्द देल्ला त्यानं." मलाही तसंच वाटलं.

लोकांना सवय व्हायच्या आत साहेबांची बदली झाली. निरोप आणि स्वागत आमच्याकडे एकाच कार्यक्रमात उरकतात. जाणाऱ्याला एक हार, येणाऱ्याला एक. दोन्ही हार आईलाच सांगितले गेले, कारण गावात तिच्यासारखा हार कोणी करत नाही. मी चिडले.

"कावून हो म्हटलं तू?"

"दोनी साहेब एका जागी भेटून राहिले नं," आई म्हणाली. "मले त्याईले इचारता येईन."

हार घेऊन ती स्वतः गेली, ठेवणीतलं पातळ नेसून. मी तिच्यामागे. सभागृहात दोन खुर्च्या लागून मांडल्या होत्या. हार घालून झाले, टाळ्या झाल्या, चहा फिरला. मग आई जुन्या साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, आमच्या जागेचा तुमी शब्द देल्ला होता."

ते खरंच ओशाळले. "मावशी, मी सकाळीच चार्ज दिला. आता माझ्या हातात काही नाही. हे साहेब आहेत ना."

आई एक पाऊल सरकली. नवे साहेब तितक्याच नम्रपणे म्हणाले, "तो निर्णय माझ्या आधीचा आहे. मला आधी समजून घ्यावं लागेल."

खोटं कोणीच बोललं नव्हतं. भांडायचं तरी कोणाशी? आई दोघांनाही नमस्कार करून परत फिरली. तिनं रात्रभर मनात जुळवलेलं बोलणं तसंच राहिलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

नव्या साहेबांनी समजून घेतलं की नाही, कोणास ठाऊक. त्यांचीही बदली झाली. चाचा आता भावाच्या किराणा दुकानात बसतात. आईनं एक उन्हाळा कसाबसा काढला आणि ओट्यावर जाणं सोडलं. घरामागच्या तुकड्यात आता सोयाबीन असतं. स्टँडसमोर मोटरसायकली उभ्या असतात आणि रस्ता अडायचा तसाच अडतो.

परवा आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते पहिले साहेब पाहुणे म्हणून आले. आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी मला ओळखलं, याचं मला नवलच वाटलं.

"तुमच्या गावातलं माझं आवडतं काम म्हणजे ते ओटे," ते आनंदानं म्हणाले. "आईचं चांगलं चालत असेल ना आता?"

"आईनं फुलं सोडली, साहेब. तिथे गिऱ्हाईकच आलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे! मला कोणी सांगितलंच नाही." मग जरा विचार करून, अगदी मनापासून म्हणाले, "असं करा, सध्या तिथे जे साहेब आहेत ना, त्यांना एकदा भेटा."