अठ्ठेचाळीस पाइप, सगळे ओके

माझ्या सासऱ्यांनी तीन दिवसांत अठ्ठेचाळीस नवेकोरे पाइप ओढून पाहिले, आणि ते सगळे ‘ओके’ असल्याच्या कागदावर माझी सही आहे.

(पाइप म्हणजे नळाचे नव्हेत. साहेबलोक तोंडाच्या कोपऱ्यात धरून विचार करतात ना, ते. तंबाखूचे.)

मी जालन्यात सळयांच्या एका मिलमध्ये बावीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. माझ्या बायकोला, मंगलला, ह्याचा भारी अभिमान. माझ्यात अभिमान वाटावा असं दुसरं काही न सापडल्यामुळे ती हेच सगळीकडे सांगत असते. (घरी भेंडी जून निघाली की मात्र ह्याच बावीस वर्षांचा उद्धार होतो.) तर मिल भट्टीच्या दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद होती, मी घरात पंख्याखाली पडून होतो, आणि तेवढ्यात मंगलच्या धाकट्या भावाचा, गजूचा फोन आला.

गजूचा परतूरजवळच्या गावात कारखाना आहे. म्हणजे पत्र्याचं शेड, दोन लेथ आणि गुडघाभर लाकडाचा भुसा. आजवर तिथे लाटणी, पोळपाट आणि खाटेचे पाय निघायचे. पण लाकडी वस्तू परदेशात पाठवणाऱ्या मुंबईच्या एका मॅडमनी त्याला शिसवी पाइपचा पहिला माल करायला दिला होता. चार डझन. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाही पडला तर पुन्हा लाटणी.

“ताई, माल तयार हाय,” गजू म्हणाला. “पर मला डब्यासाठी आन् मखमली पिशव्यांसाठी संभाजीनगरला जायाचंय. शनिवारी मॅडम येऊन राह्यल्या. मागं माल बघायला कोनी तरी पाहिजे.”

“कोनी तरी कशाला? हे हायेत की!” मंगल म्हणाली. “बावीस वर्षं!”

मी मंगळवारी सासुरवाडीत दाखल झालो. सोबत माप घ्यायचा व्हर्नियर, भिंग, पांढरा कोट आणि मिलचं पिवळं हेल्मेट. सासूबाईंनी, ज्यांना मी मामी म्हणतो, हेल्मेटकडे बघून विचारलं, “पाव्हणं, पत्रे पडनार हायेत का काय?”

गजूने निघताना बजावलं, “दाजी, नुस्तं बघायचं. तडा हाय का, पॉलिश बराबर हाय का. बस!”

बसमध्ये चढतानाही तो खिडकीतून ओरडला, “नुस्तं बघायचं!”

आणि मी बघितलं. एकेक पाइप उचलून बाहेरचा व्यास, आतला व्यास, नळीची लांबी मोजली. भिंगातून पॉलिश पाहिलं. दुपारच्या जेवणाच्या आत तक्ता पूर्ण. एकूण नग अठ्ठेचाळीस, ओके अठ्ठेचाळीस, नापास शून्य. खाली माझी झोकदार सही. त्या सहीवर मीच इतका खूश झालो की दोन मिनिटं कागद लांब धरून बघत बसलो.

तेवढ्यात मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. वय पंच्याहत्तर, पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्यांमागे गेलेल्या, आणि स्वतःची साठ वर्षं मातीच्या चिलमीबरोबर. त्यांनी एक पाइप उचलला, उलटासुलटा केला.

“जावईबापू, वढून पाह्यला का?”

“मी ओढत नाही मामा.”

“मंग पास कसा केला?”

“मापावरून.”

मामा माझ्याकडे दयेनं बघत राहिले. “म्हैस घेता तवा शिंगाचं माप घेता, का धार काढून पाह्यता?”

खरं सांगतो, मला मुद्दा पटला! आम्ही मिलमध्ये सळई नुसती बघून सोडत नाही, वाकवून पाहतो. मग पाइप न ओढता सोडणं हा शास्त्रावर अन्यायच! मी म्हटलं, “बरं, एक ओढून पाहा. नमुन्यादाखल.”

मामांनी लगेच शेजारच्या रहीमचाचांना हाक मारली, कारण चिलीम एकट्यानं ओढायची नसते आणि न्याय एकट्यानं करायचा नसतो. तंबाखू भरला गेला. आता पाइपाला तोंड लावायची नळी असते. आपल्या चिलमीला तसलं काही नसतं, ती ओल्या फडक्यातून, साफीतून ओढतात, म्हणजे दहा जणांत फिरली तरी उष्टी होत नाही. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या खिशातला नवा रुमाल ओढला, टर्रकन फाडला, भिजवला, पाइपाच्या तोंडाला गुंडाळला आणि दम मारला.

“काय म्हणता मामा?”

“बरा हाय. दुसरा आणा.”

“दुसरा कशाला? नमुना झाला की!”

“एका शेळीनं दूध दिलं म्हणून कळप पास होतो का?”

रहीमचाचांनी मान डोलावली. “बिलकुल सही बात. एकेक देखना पडता.”

संध्याकाळपर्यंत नऊ पाइप ओढून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोघांचे सहा जण झाले होते आणि दुपारी चौदा! कारखान्यात चिलीम तपासायची आहे, तंबाखू जावयाचा आहे, ही बातमी गावात पसरायला लाउडस्पीकर लागत नाही. एक गृहस्थ तर सायकलवरून शेजारच्या गावाहून आले आणि “इथं माल तपासून राह्यले ना? मला बी येतं,” म्हणून मांडी घालून बसले. मामी चहा करून दमल्या. शेवटी आधण चुलीवरून उतरवणंच त्यांनी सोडून दिलं.

“तुमच्या हापिसात बी असंच चालतं का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही मामी. तिथे इतके तज्ज्ञ नसतात.”

आणि खोटं नव्हतं ते! एकेक माणूस असा बारकाईनं बोलत होता की मी वहीच काढली. त्यात रकाने आखले: ठसका, चटका, गुडगुड, शेरा. शेरे मी शब्दशः लिहून घेतले. “धूर येतो पर कंटाळा करत येतो.” “हातात धरवंना, भाकरीच्या तव्यावानी तापला.” “ह्याच्या पोटात पानी झालंय, हुक्क्यासारखा बोलून राह्यला.” एका पाइपाला रहीमचाचांनी नुसतं “माशाल्ला” म्हटलं, तेही मी शेऱ्यात लिहिलं.

गुरुवारी दुपारी अठ्ठेचाळिसावा पाइप विझला. मामांनी अकरा पाइप वेगळे काढून प्रत्येकाला लाल दोरा बांधला होता.

“ह्ये अकरा पाठवू नका. ह्यांचं पोट खराब हाय.”

मी पुन्हा व्हर्नियर लावला. माप तंतोतंत! म्हाताऱ्या माणसांचं मन राखावं म्हणून मी “बरं बरं” म्हटलं, पण तक्त्यावरचे अठ्ठेचाळीस ओके तसेच ठेवले. खाडाखोड केलेला कागद आमच्या मिलमध्ये चालत नाही.

शुक्रवारी दुपारी गजू डब्यांची थप्पी घेऊन आला. शेडच्या दारात थबकला. नाक वर केलं.

“दाजी, हितं कोनी तंबाखू वढली का?”

“थोडीशी.”

“किती थोडीशी?”

“अठ्ठेचाळीस.”

गजूच्या हातातले डबे खाली पडले. त्यानं एक पाइप उचलून आत बोट घातलं, बोट काळं. दुसरा, काळं. तिसरा बघायचं धाडस त्याला झालं नाही. तो तसाच भुशात बसला.

“दाजी, नुस्तं बघायचं म्हन्लं होतं ना मी?”

“अरे, पण म्हैस घेताना—”

“म्हशीला मधी आणू नका!” त्यानं काळं बोट भुशात पुसलं. “तीन महिने हातानं घासलेत हो मी हे. लाटणी करून करून माझा जीव लाटून निघाला. वाटलं, औंदा सुटलो.”

मी आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट डोक्यावरून काढून मांडीवर ठेवलं. एवढ्यात मंगलचा फोन. गजूनं स्पीकरवर लावला.

“काय रे गजू, हे बराबर काम करून राह्यले ना?”

गजूनं फोन माझ्याकडे सरकवला.

“गजू? काय केलं ह्यांनी?” (लक्षात घ्या, ‘काही केलं का’ असं तिनं विचारलं नाही. तेवीस वर्षांचा संसार आहे.)

मग सुरू झाली धुलाई. मामींनी एक पाइप राखेनं घासला; वास राहिला, पॉलिश गेलं. मग लिंबाच्या साली कोंबल्या. मग कडुनिंबाचा पाला. मग उन्हात वाळवण घातलं, पापडांसारखं, चार रांगांत. रहीमचाचा घरून अत्तराची बाटली घेऊन धावत आले. “गुलाब है, सब बू मार डालेगा!” त्यांनी कापसानं प्रत्येक पाइपाला अत्तर लावलं. त्यावर मामींनी उदाची धुरी दिली. शनिवारी सकाळपर्यंत त्या पाइपांना एकाच वेळी उरूस, लग्न, सत्यनारायण आणि चिलीम असा चौपदरी वास येऊ लागला.

अकराला मॅडम आल्या. चष्मा, कॉटनची साडी, हातात छोटी पेटी. बोलणं मोजकं. त्यांनी पहिला डबा उघडला, पाइप नाकाजवळ नेला आणि सलग तीन वेळा शिंकल्या.

“ह्याला गुलाबाचा वास का येतोय?”

गजू जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता घरचा अनुभवी माणूस म्हणून आपणच पुढे व्हावं. मी घसा साफ केला.

“मॅडम, ती फिनिशिंगची… पारंपरिक पद्धत आहे.”

“खोटं कामून बोलता, जावईबापू?” मागून मामांचा आवाज आला. ते धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत पुढे आले. “बाई, आम्ही वढून पाह्यलेत. समदे. पर उष्टा एक बी न्हाई केला. साफी लावून वढलेत.”

“सगळे?”

“पूरे अडतालीस,” रहीमचाचांनी अभिमानानं सांगितलं. “जिसपे शक आया, वो दो बार.”

मॅडमनी डबा हळूच बंद केला. “गजाननराव, वापरलेला माल मी कुणाला नवा म्हणून नाही पाठवू शकत.”

“न्हाई मॅडम,” गजू एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना. मी शेडच्या पत्र्याकडे बघितलं. मामी म्हणाल्या तसा तो पडला असता तर फार बरं झालं असतं.

“नका पाठवू,” मामा म्हणाले. “पर ते लाल दोऱ्याचे अकरा तर इथं गावात बी कोनाला देऊ नका.”

“का?”

“गुडगुडतात. आन् तापतात. धुराला वाट सरळ न्हाई.”

मॅडम थांबल्या. पेटीतून बारीक लवचीक तार काढली, लाल दोऱ्याचा एक पाइप घेऊन नळीतून आत सारली. तार तंबाखू भरायच्या वाटीच्या तळाशी निघायला हवी होती. ती अडली. दुसरा पाइप, अडली. अकराच्या अकरा पाइपांत अडली! मग बिनदोऱ्याचे घेतले. सुळकन. सुळकन. सुळकन. गजू उठून दुसऱ्या लेथकडे धावला आणि तिथूनच ओरडला, “मॅडम, भोकाचा साचा सरकलाय! हाताला लागून राह्यलं!”

“आमच्या गिऱ्हाईकांची नेमकी हीच तक्रार असते,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्या एका कारखान्याचा पुरा खोका परत आला. वरून बघून कुणाला कळत नाही.” मग त्यांची नजर माझ्या तक्त्यावर गेली. “ह्याच्यावर तर सगळे ओके आहेत. ही सही कुणाची?”

सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. दारात जमलेल्या चौदा तज्ज्ञांनीसुद्धा.

“आमचे दाजी,” गजू म्हणाला. “जालन्याला सळयांच्या मिलमधी क्वालिटीला हायेत.”

मॅडमनी चष्मा काढला. “कुठली मिल?”

“का हो?” मी विचारलं.

“नाही, आमच्या घराचं बांधकाम चालू आहे.”

मामा काठीवर रेलून इतके हसले की त्यांना, अख्ख्या अठ्ठेचाळीस पाइपांत लागला नव्हता असा, ठसका लागला.

निकाल असा लागला: हा माल गेला. पण काम गेलं नाही. गजूनं साचा नीट करून नवे चार डझन करायचे, प्रत्येकातून तार घालून पाहायची, आणि डझनातला एक पाइप मामांनी ओढून पाहायचा. तो ओढलेला पाइप पाठवायचा नाही.

“डझनात एकच?” मामांचा चेहरा उतरला.

“एकच!” मामी आतून गरजल्या. “आन् बाकीची मंडळी आपापल्या घरी!”

उरलेले सदतीस पाइप गावातच वाटले गेले. आजही तिकडे गेलात तर शेळ्यांमागून धोतर सावरत चाललेला, तोंडात मखमली पिशवीतला शिसवी पाइप धरलेला एखादा म्हातारा दिसेल. विलायतेला जाणारा माल आहे तो, हे सांगितल्याशिवाय तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही.

गजूचा दुसरा माल गेल्या महिन्यात गेला, आणि तिकडून एकही तक्रार आली नाही. तपासणाऱ्याच्या जागी आता मामांची सही असते, थोडी थरथरती, पण तिच्यावर मुंबईचा विश्वास आहे. मंगलच्या हट्टापायी गजूनं मलाही रविवारपुरतं एक काम दिलंय. मामांसाठी तंबाखू चुरून द्यायचा. माप नाही, कागद नाही, सही तर नाहीच नाही. पहिल्याच रविवारी मी मन लावून चुरलेला तंबाखू मामांनी तळहातावर घेतला, बोटानं पसरला, वास घेतला आणि मला म्हणाले, “जाडा हाय. परत.” मी पुन्हा चुरला. “आता पार पीठ केलं. परत.” बावीस वर्षांत मी जेवढा माल नापास केला नसेल, तेवढा माझा त्या एका दुपारी झाला.