राजापूरहून परत आणलेला रस

आमचे हे कचेरीत कारकून, पण जीव सगळा आमरसात. दर मे महिन्यात परसात चूल मांडून आम्ही रस बाटल्यांत भरायचो, पत्र्याची बुचं दाबून बसवायचो आणि बाटल्या मोठ्या टोपातल्या पाण्यात बुडवून उकळायचो. रत्नागिरीतली दोन दुकानं आणि राजापूरचं एक, एवढाच आमचा पसारा. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी कमाईतून परसात शेड घालायची होती. खांब कुठे येणार तेसुद्धा मी ठरवून टाकलेलं.

टोप मात्र आमचा नव्हता, वाडीचा होता. लग्नसराईत तो या घरून त्या घरी फिरायचा आणि मधल्या दिवसांत आम्ही तो वापरायचो.

आषाढात राजापूरच्या दुकानदाराचा निरोप आला. एका बाटलीचं बूच उडालं होतं आणि फळीभर फेस झाला होता. मी म्हटलं, "गेली तर गेली, दुसरी देऊ." हे उगाच चष्मा पुसायला लागले. ह्यांचं असं चष्मा पुसणं मला चांगलं ठाऊक.

"काय केलंत?"

तेव्हा कुठे बाहेर पडलं. मी माहेरी गेले होते त्या दिवशी शेजारचे काका टोप मागायला आले, आणि ह्यांनी अर्धवट उकळलेल्या बाटल्या बाहेर काढून टोप देऊन टाकला.

"नाही कसं म्हणायचं? मुलीचं लग्न होतं त्यांच्या."

"भीड भिकेची बहीण!" मी कडाडले. "आता त्या बाटल्या कुठल्या ते सांगा."

"ते कसं कळणार? सगळ्या सारख्याच दिसतात."

तेच तर दुखणं होतं. पुढे आम्ही टोपात उकळलेल्या दर खेपेला वेगळ्या रंगाचा दोरा बाटल्यांच्या गळ्यात बांधायला लागलो, पण ते नंतरचं शहाणपण. तेव्हा हे म्हणाले, सगळ्याच बाटल्या परत आणू. म्हणजे दुकानदारांचे पैसे परत, एसटीचं भाडं वर, आणि शेड गेली पावसात वाहून. मी भांडले. "जिचं बूच फुगेल ती बदलू की, अहो!"

"फुगायच्या आधीच कुणी प्यायलं तर?"

हे बरोबर बोलत होते, म्हणून मी आणखी थोडी भांडले.

रत्नागिरीतल्या बाटल्या लगेच आल्या. राजापूरला हे स्वतः गेले. दुकानदाराने उरलेल्या काढून दिल्या, पण दोन बाटल्या आदल्याच दिवशी एक बाई घेऊन गेली होती. लेक मुंबईहून बाळंतपणाला आलेली, आणि हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं डोहाळजेवण. हे पावसात विचारत विचारत त्या घरी पोचले.

ती माउली बाटल्या देईचना. "अहो दादा, पोरीने आंबाच मागितलाय. आषाढात मी तो कुठून आणू? पैसे घेऊन काय करू?" ह्यांनी चूक घडली तशी सांगितली, टोपासकट. मग वाटेत खायला मी दिलेली आंब्याची साठं, ती वाळवलेल्या रसाची पोळी, तिच्या हातावर ठेवली आणि बाटल्या पिशवीत घातल्या. लेक आतून येऊन दारात उभी होती म्हणे. तिने तिथेच तुकडा मोडून तोंडात टाकला.

हे घरी आले ते चिंब भिजून. त्या दोन बाटल्यांची बुचं अगदी सपाट होती, फुगवट्याचं नाव नाही. "बघू तरी," म्हणून मी एक उघडली. काय वास, अहाहा! आता ह्यांना चार शब्द सुनावायचे म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दुसरीचं बूच काढलं. फस्सकन फेस माझ्या हातावर आला, आंबूस, घाणेरडा.

हे पायरीवर बसले. "उद्या होतं डोहाळजेवण," एवढंच म्हणाले. सासूबाई समोर होत्या, तरी मी शेजारी बसले आणि ह्यांचा हात हातात घेतला. त्या काळी आमच्यात असं कुणी करत नसे. सासूबाईंनी मान वळवली.

मग आम्ही दोघांनी सगळ्या बाटल्या, चांगली की वाईट न बघता, माडांच्या आळ्यांत ओतल्या. ज्या माणसाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं, तो त्या दिवशी एका आईला नाही म्हणून आला होता. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की रस ओतता ओतता रडूच आलं.