धोंडुबाईनं पुरलेली कोंबडी

धोंडुबाई काळेल कोंबडी कापायची तेव्हा शेजारच्यालाही पत्ता लागायचा नाही. आधी वाटीत पाणी ठेवायची, मग कोंबडीला कुशीत घेऊन पदरानं तिचे डोळे झाकायची, ती शांत झाली की एकाच घावात काम. धनगराच्या घरातली बाई. दिवाळी झाली की मेंढरं हाकत, मेढ्याच्या वरनं घाट उतरून कोकणात जायचं, असं तिनं वीस वर्षं केलं होतं. मारणं तिला काही नवं नव्हतं. पण सासऱ्यानं पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "मारायचं तर मार, पन जित्या जिवाचा खेळ करू नगं." सासरा अंगठेबहाद्दर होता, त्यामुळं त्याला एवढं तरी कळत होतं.

नवरा गेला, मेंढरं विकली आणि धोंडुबाईनं वडूजच्या अलीकडच्या गावातल्या शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. त्याला आता तेरा वर्षं झाली. मुलगा सूरज महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, दिवाळीला येतो, आला तर. त्यामुळं घर म्हणजे रात्रीपुरतं छप्पर, आणि खरा संसार शाळेच्या चुलीपाशी. त्र्याऐंशी पोरांतलं कोण मटकी निवडून टाकतं, कुणाला दोनदा वाढावं लागतं, कुणाच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसते, हे तिला तोंडपाठ. पोरं तिला आज्जी म्हणायची. मास्तर लोक बदलून जायचे, आज्जी जागची हलायची नाही.

यंदा सव्वीस जानेवारीच्या खेळांत 'कोंबडी पकड' ठेवलेली तिला आदल्या दिवशी कळली. गोल रिंगण आखायचं, मधे कोंबडी सोडायची, पोरांनी तुटून पडायचं. जो धरील त्याची कोंबडी. शाळा समितीचे अध्यक्ष दादासो यांनी सहा कोंबड्या दिल्या होत्या. कॅनॉलचं पाणी आल्यापासून दादासोंचा ऊस झाला होता आणि उसाबरोबर दातृत्वही वाढलं होतं. कोंबड्या पाय बांधून व्हरांड्यात उलट्या टांगल्या होत्या, आणि त्यांच्या बरोबर वर भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'प्राणिमात्रांवर दया करा'. रंग ताजा होता. तपासणीसाठी मागच्याच महिन्यात दिलेला.

धोंडुबाई हात पुसत मुळीक सरांकडं गेली. मुळीक सर म्हणजे मुख्याध्यापक.

"सर, त्यो कोंबडीचा खेळ नगा ठेवू. हाल हुत्यात जिवाचं."

सर हसले. "धोंडुबाई, तुमच्या घरी काय दर रविवारी भेंडी शिजते का?"

"कोंबडी शिजती की. पन कापायच्या आधी मी तिला शंभर पोरांच्या पायाखाली घालत न्हाई."

"बरं बरं, भाताकडं बघा, करपेल," सर म्हणाले. झालं. तिची हरकत नोंदवून घेतली गेली ती इतकीच.

दुसऱ्या दिवशी झेंडा झाला, भाषणं झाली, खेळ सुरू झाले. पाच कोंबड्या कशाबशा निभावल्या. सहावी कोंबडी मुलींच्या वाट्याला आली. वीसेक पोरी एकदम धावल्या, धुरळा उठला, पिसं उडाली, माईकवरनं मास्तर "सोडू नका, सोडू नका" ओरडत होते. सहावीतल्या अपेक्षानं पाय धरला, दुसरीनं पंख धरला, आणि दोघींनी ओढलं. अपेक्षाच्या हातात काहीतरी कट्कन मोडलं. ती जागच्या जागी पांढरीफटक पडली. पण पकड सुटली नव्हती, म्हणून टाळ्या तिलाच पडल्या.

धोंडुबाई चुलीपासनं उठून थेट रिंगणात शिरली. "सोड बाळा," म्हणाली, कोंबडी पदरात घेतली आणि कुणाकडं न बघता फाटकातनं बाहेर पडली. पाठीमागं हशा पिकला. "आज्जी रश्श्याला घिऊन चालली!" कुणीतरी ओरडलं. दोन-तीन मोबाइल वर झालेलेच होते.

घरी आल्यावर तिनं बघितलं. मांडीपासनं पाय लोंबत होता, पंख मुळातनं फाटला होता. वाचण्यातली नव्हती. धोंडुबाईनं वाटीत पाणी ठेवलं, ते कोंबडी प्याली नाही. मग डोळे झाकले आणि एका घावात सोडवलं. एवढी भरली कोंबडी मातीत घालायची म्हणजे तिच्यासारखीच्या जिवावर आलं. अन्न वाया घालवणं तिच्या घराण्यात पाप. पण लोकांसमोर उचलून आणली ती खाण्यासाठी नव्हे, हे तिचं तिला तरी ठाऊक राहायला हवं होतं. तिनं परसात खड्डा केला आणि पुरली. शेजारच्या रंगुबाईला मात्र कुंपणावरनं दगडावरचं रक्त तेवढं दिसलं, आणि दुपारपर्यंत ते गावालाही दिसलं.

दिवस मावळताना अपेक्षा दारात आली. डोळे सुजलेले.

"आज्जे, बरी हुईल ती?"

"न्हाई बाळा. लय मोडली हुती. सोडवली मी तिला आन् पुरली. आता तिला काय बी दुखत न्हाई."

"माझ्यामुळं मेली."

"तुझ्यामुळं न्हाई. ज्यांनी तुला पळाय लावलं त्यांच्यामुळं."

पोर बराच वेळ तिला बिलगून रडली. "मी परत कवाच न्हाई धरनार," म्हणाली आणि घरी गेली.

चौथ्या दिवशी समितीची बैठक बसली. धोंडुबाईला बोलावलं. मोबाइलवरचा तो व्हिडिओ हातोहात फिरला, सगळे पुन्हा एकदा पोट धरून हसले. मग मुळीक सर समजुतीनं म्हणाले, "धोंडुबाई, कोंबडी खाल्ली ना? होतं असं. सांगून टाका, विषय मिटला."

"खाल्ली न्हाई, सर. पुरली."

"कोंबडी पुरत्यात व्हय?" दादासो म्हणाले आणि हसता हसता थांबले. "म्हंजे आमच्या कार्यक्रमाला हरकत म्हनून उचलली म्हना की. आवं, प्वाटासाठी न्हेली असती तर आमी बोललो नसतो. पन भर गर्दीत आमाला शिकवाय निघाला असाल, तर मग चुलीपाशी दुसरी बाई बघाय लागंल."

चोरीला माफी होती, दयेला नव्हती. धोंडुबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. कुणीही दुष्ट नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात कडू लागलं. या माणसांशी भांडावं तर कुठनं सुरुवात करावी? उद्यापासून रिकाम्या घरात भिंतीकडं तोंड करून बसायचं, त्र्याऐंशी ताटं दुसरीच कुणी भरणार, हे तिच्यानं सोसवेना. ती खाली मान घालून म्हणाली, "खाल्ली."

सगळे एकदम मोकळे झाले. दादासोंनी तिला चहा मागवला. "पुढच्या साली एक कोंबडी खास तुमच्यासाठी," असंही म्हणाले. तो चहा ती प्यालीही.

दुसऱ्या दिवशी जेवणाची रांग लागली. अपेक्षाचा नंबर आला तेव्हा धोंडुबाईनं नेहमीसारखा दोन पळ्या भात उचलला. पोरीनं ताट पुढं केलं नाही.

"तू खाल्लीस. माझा बापू बैठकीला हुता, त्यो म्हनला, तू सगळ्यांम्होरं सांगितलंस."

धोंडुबाईच्या ओठांवर शब्द आला होता. दोन हातांवर व्हरांड्यात मुळीक सर उभे होते. ते बघत होते की नाही कुणास ठाऊक, पण उभे होते. ती म्हणाली, "भात घे बाळा, निवतोय."

अपेक्षानं ताट धरलं, भात घेतला. आता तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पुढच्या साली मी परत धरनार हाय," ती म्हणाली. "आन् घरी न्हेनार. यंदाची माझी हुती."