सुकलालचा चौथा राउंड

सुकलाल कुजबुजला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. सव्वीस वर्षं लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात काढलेला माणूस आहे; यंत्रांच्या खडखडाटात कान गेले, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ओरडूनच बोलतो. धरणगावाकडून परराज्यात, इथे डिंडोलीत आला तेव्हा विशीत होता. मी शेजारच्या सोसायटीत राहते आणि मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. त्याची मुलगी चंचल माझ्याच वर्गातली.

सातवीत असताना तिने बॉक्सिंगचा हट्ट धरला. जवळच नवागामला पत्र्याच्या शेडमध्ये गजेंद्रसर क्लास घेतात. पोर हट्टी खरी, पण भित्री. ठोसा येताना दिसला की डोळे गच्च मिटायची. तिची भीती मोडली सुकलालने. ड्यूटी सुटली की तो जेवायला घरी न जाता शेडमध्ये हजर. सर तीन राउंड झाले की थांबवायचे, हा चौथा मागायचा. “दमनी का? मंग खरं आते सुरू व्हस!” असं ओरडायचा. आधी मला हा छळ वाटे. पण वर्षभरात पोरीचे डोळे उघडे राहायला लागले आणि सोळाव्या वर्षी तिने जिल्ह्यात सुवर्णपदक आणलं. मग काय, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं मीच शाळेच्या फळ्यावर लिहिलं आणि तिला शेजारी उभी केली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते.

त्याच वर्षी डिसेंबरात राज्याच्या निवड चाचणीला पाच आठवडे उरले होते. चौथ्या राउंडमध्ये थकून हात खाली आले आणि समोरच्या मुलीचा ठोसा चंचलच्या डाव्या कानावर बसला. घरी आल्यावर ती म्हणाली, “आबा, कानमा शिट्टी वाजी राहिनी.”

दुसरा कुणीही बाप तिला घेऊन दवाखान्यात धावला असता. सुकलालला उलट हायसं वाटलं. त्याच्या कारखान्यात नव्या लागलेल्या प्रत्येकाच्या कानात शिट्टी वाजते. महिनाभराने ती वाजते की नाही हेच कळेनासं होतं, आणि याला तिथे सगळे सवय म्हणतात. कान वाजणं हा आजार असतो, हे त्या शेकडो माणसांत कुणाच्या गावीही नाही. “मन्हा कान बी आसाच वाजे,” तो लेकीला म्हणाला. “महिनाभरमा सवय व्हई जाई.” हे त्याने मायेनेच सांगितलं, मी शपथेवर सांगते. त्याच्या बायकोने, उषाबाईने, कानात लसणाचं कोमट तेल घातलं. चौथा राउंड चालूच राहिला.

पुढे कान वाहायला लागला. चंचल कापसाचा बोळा घालून, वर केस ओढून शाळेत यायची. मी शिकवताना मान वळवून उजवा कान माझ्याकडे करायची. मला ते दिसत होतं. चाचणीचा ताण असेल, असं म्हणून मी पुढचा धडा घेत राहिले. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचून पोट भरलेली मी! माझ्यासारखी बाई शिक्षिका म्हणवते, याची मला आजही लाज वाटते.

चाचणीला आठवडा असताना ती सरावात कोणाचाही ठोसा न लागता भेलकांडून पडली. गजेंद्रसरांनी आधी डॉक्टरांना दाखवा म्हणून सुकलालला शेडबाहेर काढलं. तो हात जोडत होता, आठच दिवस राहिलेत म्हणत होता. सर ऐकेनात, तेव्हा दवाखान्यात सोबत चला म्हणत तो माझ्याकडे आला. सरकारी दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले.

डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलत होत्या. पडदा फाटलाय, पू आत हाडापर्यंत पोचलाय, ऑपरेशन लवकर करावं लागेल. त्यानंतरही या कानाने ऐकू येईल असं धरून चालू नका. आणि बॉक्सिंग आता कधीच नाही.

सुकलाल माणसाच्या ओठांवरून बोलणं ओळखतो. डॉक्टरबाईंच्या तोंडाला मास्क होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, “काय म्हनतस त्या? चाचणीले जाई ना ती?” मी सांगायला वळले. चंचलने माझा हात दाबला.

“मी सांगस, बाई.”

ती बापाच्या कानाशी वाकली आणि ओरडली, “आबा, मन्हा कान गया! आते बॉक्सिंग कायमनी बंद!” बाकांवरची माणसं वळून बघायला लागली.

सुकलालने कानामागे तळहात धरला. “काय?”

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. चंचलने पुन्हा श्वास भरला आणि तेच, आणखी मोठ्याने, सांगितलं.